मधुमेही मांजर आणि घरची रक्ततपासणी

घरातील माणसाला बरे वाटेनासे झाले, तर ते तसे बोलून दाखवते. मांजराची गोष्ट निराळी आहे. ते आपले दुखणे होता होईल तो लपवते, आणि घरच्या मंडळींच्या ध्यानात येईपर्यंत पुष्कळदा महिना-दोन महिने लोटलेले असतात. आमच्या घरच्या बोक्याचे असेच झाले. मन्या नऊ वर्षांचा, अंगाने भरलेला आणि खाऊनपिऊन सुखी. गेल्या पावसाळ्यात तो पाण्याच्या भांड्यापाशी वारंवार दिसू लागला. भांडे रिकामे असले की न्हाणीघरातील बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून तो पाणी पिई. त्याची वाळूची पेटी दिवसातून एकदा साफ केली म्हणजे पुरत असे, ती आता दोनदा साफ करावी लागू लागली. खाणे वाढले होते, आणि तरीही पाठीवरून हात फिरवला की कणा हाताला लागत होता. एके दिवशी सकाळी त्या पेटीभोवती मुंग्यांची रांग लागलेली आईने पाहिली आणि ती म्हणाली, "अगं, ह्यालाही माझ्यासारखी साखर झाली की काय?"

आईला स्वतःला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, म्हणून तिला ही शंका आली. मुंग्यांची ही खूण आपल्या वैद्यकात फार जुनी आहे. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत, रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, असे चरकसंहितेत सांगितले आहे. पशुवैद्यांनी मन्याचे रक्त व लघवी तपासली आणि आईची शंका खरी ठरली.

त्यानंतरच्या काही महिन्यांत जे वाचले, विचारले आणि हाताने केले, त्यावरून वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मधुमेही मांजराच्या रक्तातील साखर घरच्या घरी मोजता येते. ती मोजणे त्याच्या जिवाच्या दृष्टीने हिताचे असते. आणि हे काम कोणत्याही सामान्य कुटुंबाला जमण्यासारखे आहे.

मांजराला मधुमेह का होतो

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचवते. ते कमी पडू लागले, किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साचते. मांजरांत आढळणारा मधुमेह बहुतांशी माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळताजुळता असतो. वाढलेले वजन, उतरते वय, घरात बसून काढलेले आयुष्य ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी होय. खच्चीकरण केलेल्या बोक्यांत तो अधिक दिसतो. रोग वाढत गेला म्हणजे काही मांजरांच्या मागच्या पायांतील शक्ती जाते, आणि मग ती पंजांवर न चालता टाचेपर्यंतचा भाग जमिनीला टेकवून चालू लागतात. आपले मांजर असे चालताना दिसले, तर ते म्हातारपण समजून स्वस्थ बसू नये.

मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी. आपल्याकडे मात्र घरोघरी त्याला दूधभात किंवा दुधात कुस्करलेली पोळी मिळते. मधुमेही मांजराच्या आहारात प्रथिने जास्त आणि पिष्ट पदार्थ कमी हवेत, म्हणून पशुवैद्य हा दूधभात बंद करावयास सांगतात. परंतु इन्सुलिन चालू असताना आहारात असा पालट केला, तर साखर एकाएकी पुष्कळ खाली येऊ शकते. आहार केव्हा व कसा बदलावा हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे, आणि त्या दिवसांत तपासणी चुकवू नये.

बहुतेक मधुमेही मांजरांना दर बारा तासांनी इन्सुलिन टोचावे लागते. इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून लागला, आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला देण्यात आले. प्राण्यांच्या साह्याने माणसाला मिळालेले हे औषध आज प्राण्यांच्याही उपयोगी पडत आहे. मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनाहून केवळ एका अमिनो आम्लाने वेगळे आहे, आणि माणसाच्या इन्सुलिनाहून चार अमिनो आम्लांनी. तथापि माणसांसाठी तयार केलेले ग्लार्जिन इन्सुलिनही मांजराला लागू पडते, आणि त्याचा वापर बराच आहे.

दवाखान्यातला आकडा आणि घरचा आकडा

इन्सुलिन सुरू झाल्यावर आठव्या दिवशी आम्ही मन्याला दवाखान्यात नेले. टोपलीत घालताना त्याने हात ओरबाडला, रिक्षात तो सारखा ओरडत होता, आणि दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक भला मोठा कुत्रा बसलेला होता. तेथे त्याची साखर ४१२ भरली. घरून निघण्यापूर्वी, दोन तास आधी, आईच्या मीटरवर ती २३८ होती. मीटरामीटरांत फरक असतो हे खरे. पण एवढ्या मोठ्या अंतराचा उलगडा तेवढ्याने होत नव्हता. ४१२ हा आकडा एकटाच समोर असता, तर इन्सुलिनची मात्रा वाढवणे हाच मार्ग योग्य दिसला असता. पशुवैद्यांनी दोन्ही आकडे पाहिले, मात्रा होती तीच ठेवली, आणि "पुढच्या वेळी बोका आणू नका, वही आणा," असे हसून सांगितले.

यात नवल काही नाही. भीतीने आणि झटापटीने मांजराच्या शरीरात जी द्रव्ये उसळतात, ती यकृतातील साखर रक्तात ओततात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी मांजरांना काही मिनिटे पाण्याच्या फवाऱ्याखाली अंघोळ घातली असता त्यांची साखर झपाट्याने वर गेली, आणि अंग सोडवून घेण्यासाठी जी मांजरे अधिक झटपटली, त्यांच्यात हा परिणाम ठळक दिसला. ज्यांनी मांजराला अंघोळ घालून पाहिली आहे, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. निरोगी मांजराची जर ही स्थिती, तर मधुमेही मांजराच्या दवाखान्यातील एका आकड्यावर किती भिस्त ठेवावी?

याची दुसरी बाजूही आहे. दवाखान्यात दिवसभर ठेवलेले मांजर पुष्कळदा अन्नाला तोंड लावत नाही, आणि मग आकडा नेहमीपेक्षा खाली दिसू शकतो. म्हणजे परका आकडा दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीचे खाणे खाऊन, नेहमीच्या माणसाच्या मांडीवर बसलेल्या मांजराची साखर हीच त्याच्या रोजच्या जीवनातील साखर होय.

घरी मोजण्याची कल्पना कोठून आली

आज घरोघरी दिसणारा ग्लुकोमीटर एके काळी रोग्याच्या हाती देण्याजोगा समजला जात नसे. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन या नावाचे एक अभियंते होते. बाराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह होता. १९६९ साली त्यांनी एका नव्या मीटरची जाहिरात वाचली. तो सुमारे तीन पौंड वजनाचा, ६५० डॉलर किमतीचा, आणि केवळ डॉक्टरांना व रुग्णालयांना विकला जाणारा होता. त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून त्यांच्या नावाने तो मागवता आला. त्यावर ते दिवसातून अनेक वेळा आपली साखर मोजू लागले, आणि आकडे पाहून आहार व इन्सुलिन यांचा मेळ घालू लागले. पुढे ते स्वतःही डॉक्टर झाले. रोग्याने आपली साखर आपण मोजावी, हा विचार रुळण्यास त्यांच्या या खटपटीचा मोठा हातभार लागला.

मांजरांच्या बाबतीत असेच काम स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठात झाले. तेथील प्राध्यापिका क्लाउडिया रॉइश आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली, कुत्र्यामांजरांच्या कानाच्या कडेवरून काढलेला रक्ताचा एक थेंब हातातल्या लहान मीटरवर तपासता येतो, हे दाखवून दिले. त्यानंतर त्यांनी मांजराच्या मालकांनाच ही रीत शिकवली, आणि घरी हे काम कसे चालते याचा चार महिने मागोवा घेऊन २००५ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बहुतेक मालकांना ही तपासणी साधली. घरचे आकडे पाहून होणारा उपचाराचा निर्णय आणि दवाखान्यातील आकडे पाहून होणारा निर्णय हे नेहमी एकच असतात असे नाही, हेही त्यातून दिसून आले.

कानाच्या कडेवरचा थेंब

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम ती पशुवैद्यांकडून एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी. पुढे जे दिले आहे ते उजळणीसाठी समजावे.

सुई हाती घेण्यापूर्वी चार-पाच दिवस नुसती तयारी करावी. घरातील एक जागा, एक वेळ आणि एक टॉवेल ठरवावा. मांजराला रोज तेथे बसवून, कान दोन बोटांत धरून हलकेच चोळावा, आणि लगेच त्याच्या आवडीचा, पिष्ट नसलेला खाऊ द्यावा. उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा पुरे. कान धरला म्हणजे खाऊ मिळतो, एवढे त्याच्या मनात ठसले की निम्मे काम झाले.

टोचण्यापूर्वी कान ऊबदार हवा. थंड कानातून रक्त येत नाही, आणि मग माणूस पुन्हा पुन्हा टोचत बसतो. लहान सुती पिशवीत मूठभर तांदूळ भरून ती तव्यावर कोमट करावी, आपल्या मनगटाला लावून पाहावी, आणि मग अर्धा-एक मिनिट कानाशी धरावी. कान स्पिरिटने पुसू नये. त्याने झोंबते, वास मांजराला सहन होत नाही, आणि ओला राहिलेला भाग आकडाही बिघडवतो. कान मळलेला असल्यास पाण्याने पुसून कोरडा करावा.

कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. पांढऱ्या मांजराची ती सहज दिसते. काळ्या मांजराच्या कानामागे विजेरी धरावी लागते. टोचायचे ते या शिरेत नव्हे. शीर आणि कानाची कड यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे असते, तेथे टोचावे. कानामागे कापसाची घट्ट घडी धरावी, म्हणजे कानाला आधार मिळतो आणि सुई आपल्या बोटात शिरत नाही. लॅन्सेट दर वेळी नवे घ्यावे. सुरुवातीला किंचित जाड लॅन्सेट बरे पडते, कारण ज्या कानाला सवय नाही तो सहजी रक्त देत नाही. काही आठवड्यांनी बारीक लॅन्सेट चालते. खटका असलेल्या लेखणीचा आवाज काही मांजरांना दचकवतो, त्यांच्यासाठी सुई हातानेच टोचावी. टोचण्याच्या जागी व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला, तर रक्त केसांत पसरत नाही, त्याचा गोल थेंब धरतो.

टाचणीच्या डोक्याएवढा थेंब बहुतेक मीटरांना पुरतो. मीटरमध्ये आधीच बसवलेल्या पट्टीची कड त्या थेंबाला लावताच पट्टी रक्त आपोआप ओढून घेते. मग टोचलेल्या जागी कापूस अर्धा-एक मिनिट दाबून धरावा, म्हणजे काळा-निळा डाग पडत नाही. थेंब मिळो वा न मिळो, खाऊ मात्र द्यावाच. दोन-तीन वेळा टोचूनही जमले नाही, तर त्या वेळेपुरते सोडून द्यावे. आणि मोजणी न जमल्यास इन्सुलिनचे काय करावे, हे पशुवैद्यांना आधीच विचारून ठेवावे.

पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. तेव्हा आईने आधी स्वतःच्या बोटाला टोचून दाखवले आणि म्हणाली, "त्याला जेवढे दुखेल, तेवढे मला पंधरा वर्षे रोज दुखते. चल, टोच." मन्याने कान हलवला, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि कोंबडीच्या तुकड्याकडे तोंड वळवले. बोटांच्या टोकांपेक्षा कानाच्या कडेला वेदना कमी होतात, असा पशुवैद्यांचा अनुभव आहे, आणि तो खरा असावा असे मांजराच्या वागण्यावरून वाटते.

वापरलेली लॅन्सेटे व सुया उघड्या कचऱ्यात टाकू नयेत. त्या जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवाव्यात आणि डबा भरला म्हणजे दवाखान्यात द्याव्यात. आपला कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाच्या बोटाची काळजी घेणे हा या तपासणीचाच एक भाग होय.

मीटर कोणता घ्यावा

माणसांचा मीटर मांजराला चालतो का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर असे की चालतो, पण त्याची मर्यादा ध्यानात ठेवून. माणसाच्या रक्तात साखरेचा सुमारे ४२ टक्के भाग तांबड्या पेशींत असतो. मांजराच्या रक्तात तो अवघा ७ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि बाकीची साखर पेशींबाहेरील द्रवात असते. माणसांचे मीटर माणसाच्या रक्ताचा हा हिशेब गृहीत धरून बनवलेले असल्यामुळे, मांजराची साखर ते सामान्यतः खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. प्राण्यांसाठी बनवलेल्या मीटरमध्ये मांजरासाठी वेगळी योजना असते. तो मिळत असेल तर उत्तम. तो न मिळाल्यास माणसांचा एक चांगला मीटर घ्यावा, दर वेळी तोच वापरावा, आणि तो कोणता हे पशुवैद्यांना सांगावे. एकदा प्रयोगशाळेतील तपासणीच्या वेळीच घरच्या मीटरवरही मोजून पाहिले, म्हणजे दोहोंत किती अंतर पडते याचा अंदाज येतो.

पट्ट्यांची मुदत पाहावी. पावसाळ्यात त्यांच्या डबीचे झाकण क्षणभरही उघडे ठेवू नये. दमटपणाने पट्टी बिघडते आणि आकडा खोटा येतो.

माणसांच्या दंडावर चिकटवून सलग साखर मोजणारी उपकरणे आता निघाली आहेत. काही पशुवैद्य मांजराचे केस काढून ती त्याच्या अंगावर लावतात. ती १४ दिवसांपर्यंत चालावीत अशी त्यांची रचना असते, पण मांजर ती पुष्कळदा आधीच काढून टाकते. शिवाय फार खालचा आकडा दिसला, तर कानाच्या थेंबावर तो पडताळून पाहावाच लागतो. म्हणून उपकरण लावले तरी हाताची कला विसरू नये.

वही आणि आकडे

आपल्याकडील मीटर साखर मिलिग्रॅमच्या मापात दाखवतात. निरोगी मांजराचा आकडा साधारणतः ८० ते १२० असतो. तो २५० ते ३०० च्या वर गेला की मूत्रपिंडांना साखर अडवून धरता येत नाही, ती लघवीत उतरते, आणि तहान व लघवी वाढते. परदेशी पुस्तकांत कधी ५ किंवा १२ असे छोटे आकडे दिसतात. त्यांना १८ ने गुणले म्हणजे आपले माप मिळते.

उपचार चालू असलेल्या मांजराचा आकडा दिवसभर निरोग्यासारखा राहिला पाहिजे, असा आग्रह नसतो. अमेरिकन पशुरुग्णालय संघटनेच्या २०१८ सालच्या मार्गदर्शिकेनुसार, दिवसातील सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान असावा. हा खालचा आकडा कधी येतो हे कळण्यासाठी, पशुवैद्य सांगतील त्या दिवशी, सकाळच्या इन्सुलिनपूर्वी एकदा आणि नंतर दर दोन तासांनी असे बारा तास मोजून आलेख काढतात. एरवी रोज इन्सुलिन देण्यापूर्वीची मोजणी महत्त्वाची.

साध्या वहीत पाच रकाने आखावेत: दिवस व वेळ, साखर, इन्सुलिन, खाणे, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पाणी किती प्याले, उलटी झाली का, वजन किती भरले, हे लिहावे. घरात दोन-तीन माणसे ही कामे वाटून घेत असतील, तर वही फारच उपयोगी पडते. "मी दिले", "नाही, मीच दिले", अशा घोटाळ्यात इन्सुलिन दोनदा टोचले जाणे ही अगदी सहज घडणारी आणि जिवावर बेतणारी चूक आहे. इन्सुलिन दिले की त्याच क्षणी वहीत लिहावे, आणि दिले की नाही अशी शंका असेल तर देऊ नये.

लाल टोपी आणि केशरी टोपी

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आपल्या देशात दोन शक्तींचे इन्सुलिन मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० च्या सिरिंजची टोपी लाल असते, १०० च्या सिरिंजची केशरी. मन्याचे इन्सुलिन १०० शक्तीचे होते, आणि दुकानदाराने घाईत लाल टोपीच्या सिरिंज दिल्या. त्या सिरिंजवर २ युनिटांच्या खुणेपर्यंत हे इन्सुलिन भरले असते, तर मन्याला प्रत्यक्षात ५ युनिट मिळाली असती, म्हणजे अडीचपट. चार-पाच किलोच्या जिवाला ही चूक मारक ठरू शकते. आईच्या वेळेवर लक्षात आले, म्हणून निभावले. बाटलीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच आहे, हे प्रत्येक नव्या खरेदीच्या वेळी वाचून पाहावे.

साखर उतरली तर

मधुमेहात वाढलेली साखर हळूहळू झिजवते. उतरलेली साखर काही तासांत प्राण घेऊ शकते. घरच्या तपासणीचे सर्वांत मोठे मोल येथे आहे.

मन्याचा दूधभात बंद होऊन पाच आठवडे झाले होते. रोज संध्याकाळी इन्सुलिनपूर्वी त्याचा आकडा २५० च्या आसपास असे. त्या दिवशी तो ७४ आला. मी पुन्हा मोजले, ७१. बोका नेहमीसारखा ताटलीपाशी येऊन बसला होता. अंगाला कंप नव्हता, तोल गेलेला नव्हता, पाहणाऱ्याला काही वेगळे वाटावे असे काहीही नव्हते. सिरिंज भरून तयार होती. आम्ही ती बाजूला ठेवली आणि पशुवैद्यांना फोन केला. इन्सुलिन देऊ नका, खाऊ घाला आणि तासाने मोजा, असे त्यांनी सांगितले. तासाने ९६ झाले, रात्री दहाला १४०. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मात्रा निम्म्यावर आणली. त्या संध्याकाळी न मोजता नेहमीची मात्रा टोचली असती, तर सकाळी काय दिसले असते, याचा विचार आजही मनाला शिवला की अंगावर काटा येतो.

साखर फार उतरल्याची लक्षणे अशी: एकाएकी हावरेपणा किंवा सुस्ती, झोकांड्या जाणे, थरथर, नजर हरवणे, आणि शेवटी झटके. मांजर शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर त्याला ताबडतोब खाऊ घालावे. ते खात नसेल, तर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मांजराच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. हिरड्यांना थोडेसे चोळून त्याला तसेच दवाखान्यात न्यावे. अशा वेळी मोजत बसण्यात वेळ दवडू नये. बरे वाटल्यासारखे दिसले तरी पशुवैद्यांना कळवावे, कारण टोचलेले इन्सुलिन काही तास आपले काम करतच असते.

मीटर सर्व काही सांगत नाही, हेही विसरू नये. मांजर खाईनासे झाले, उलट्या करू लागले, मलूल पडून राहिले, तर आकडा कसाही असो, दवाखाना गाठावा. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बेक्साग्लिफ्लोझिन आणि त्याच्या वर्गातील तोंडाने द्यावयाची औषधे चालू असताना तर साखरेचा आकडा चांगला दिसत असूनही रक्तात घातक कीटोन द्रव्ये साचू शकतात.

कष्टाचे फळ

इतके कष्ट घेऊन मिळते काय? जर्मन भाषिक मांजरमालकांनी घरी वारंवार साखर मोजून आणि ग्लार्जिन देऊन केलेल्या उपचारांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ५५ मांजरांपैकी ६४ टक्के मांजरांना पुढे इन्सुलिनची गरज उरली नाही. रोगनिदानानंतर सहा महिन्यांच्या आत असा काटेकोर उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते. उशीर झालेल्यांत ३५ टक्के. माणसांना सहसा न मिळणारी ही संधी मांजरांना मिळते, परंतु ती लवकर पकडावी लागते. इन्सुलिन सुटलेल्या मांजराचीही अधूनमधून तपासणी करावी लागते, कारण रोग परतू शकतो.

मन्याचे इन्सुलिन अद्याप सुटलेले नाही. त्याला सकाळ-संध्याकाळ एक युनिट लागते. वजन भरून आले आहे, बादलीवरचे पाणी पिणे थांबले आहे, आणि पेटीपाशी मुंग्या येत नाहीत. सकाळी सात वाजता आई आपले बोट आणि मन्याचा कान असे दोन्ही हिशेब एकाच बैठकीत उरकते. दोघांच्या वह्या फळीवर शेजारी शेजारी असतात.

वाचकहो, आपल्या घरी किंवा शेजारी असे एखादे मांजर असेल, तर दोन गोष्टी मनात धराव्यात. मात्रा किती द्यायची हे ठरवणे पशुवैद्यांचे काम आहे. ते आपल्या हाती घेऊ नये. पण ज्या आकड्यांवरून ते ठरवायचे, ते खरे आकडे घरीच मिळतात, आणि ते पुरवणे हे घरच्या माणसाचे काम आहे. एक थेंब, एक पट्टी आणि वहीतली एक ओळ, एवढेच रोजचे काम. दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. मांजरही, खाऊची वेळ झाली म्हणून, आपण होऊन टॉवेलवर येऊन बसते.